पंचफुलेचा अर्धा हिस्सा

कुठल्याही वस्तूला तो आधी हाताची पाठ लावायचा. दाराची कडी असो, लोखंडी खुर्ची असो, नाहीतर लग्नात पुढे आलेला स्टीलचा ग्लास. बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मग धरायचं. वीजखात्यात लाइनमन होता. करंट असला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो, हे त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगितलं. "पयले सप्लाय पाहाव, मंग हात घालाव," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मुलगी पाहायला निघालेल्या पोरालाही तो हाच सल्ला द्यायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. वारं सुटून गल्लीतले दिवे गेले की सगळे ज्याच्या दाराकडे बघतात, तो. ताट झाकून उठायचा. वंदनावहिनी, म्हणजे त्याची बायको, मागून म्हणायच्या, "पोटाचा सप्लाय कोन पाहीन?" तोवर तो शिडी घेऊन कोपऱ्यावर पोहोचलेला असायचा.

बालाघाट शहरात आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचं दोन खोल्यांचं घर. बँकेच्या कर्जातून बांधलेलं. मी वकील, रजिस्ट्रीची कामं करतो, म्हणून गल्लीतले लोक मला फुकट सल्ल्याचं दुकान समजतात. तो मात्र कधी काही विचारायला आला नव्हता.

आला तो एका हिवाळ्यात. त्याच्यासोबतचा एक लाइनमन खांबावरून पडून गेला होता. तेरवी होते न होते तोच भावांनी त्याच्या बायकोला माहेरी पोहोचवून दिलं आणि घराला आपलं कुलूप लावलं. कायदा तिच्याच बाजूनं आहे, असं मी जरा ऐटीत सांगितलं.

"कायदा तिचा हाय वकीलभाऊ, पन कुलूप त्यायचं हाय," तो म्हणाला. त्याला मूलबाळ नव्हतं. किरनापुरला थोरला भाऊ होता, पोराबाळांच्या मोठ्या खटल्याचा. "मी खांबावर चढतो. माह्यामागं हिले कोनी उठवू नये. घरावर हिचं नाव घाला."

काम सोपं नव्हतं. घराचे कागद बँकेत गहाण, तेव्हा बँकेची संमती हवी. आम्ही गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितलं की वहिनी मालक होणार असतील तर कर्जातही त्यांचं नाव घालावं लागेल. तो ताडकन उठून बाहेर आला.

"मी घर द्याले आलतो. हे त तिच्या डोक्यावर हप्ता देऊन राह्यले."

मी पुष्कळ समजावलं. पण हट्टाला पेटला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. उन्हाळा लागेपर्यंत विषय बंद. शेवटी एका संध्याकाळी वहिनीच त्याला घेऊन माझ्या ओसरीवर आल्या.

"घरात राहाले दोघं, न कर्जाले तुमी एकटे काहून?" त्या त्याला म्हणाल्या. "मी काय पाहुनी हाव तुमच्या घरी?"

त्यानं कर्जाचे कागद माझ्यापुढे सरकवले. मी लगेच, त्याचं मन बदलायच्या आत, वहिनींचं आधार कार्ड मागितलं. त्यावर नाव होतं पंचफुला.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. वंदना हे नाव त्यानं असंच लिहिलेलं. आधार मात्र शाळेच्या दाखल्यावरून निघालेलं, आणि दाखल्यावर बापानं ठेवलेलं नाव.

"कार्ड बदलू आपन," तो म्हणाला. "घर वंदनाच्याच नावानं पाह्यजे. हे पंचफुला कोन वळखते?"

"मी वळखतो," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "वंदना तुमच्यासोबत आली. तुमी गेले का तिले कोनी बी उठवीन. पंचफुला मी तुमच्या पयलेपासून हाव. देता त तिले द्या."

त्याला ते लागलं, हे मला दिसत होतं. इतकी वर्षं हाक मारली ते नाव आपलंच होतं, तिचं नव्हतं, हे एकदम कसं पचावं? त्यानं कार्डाला हाताची पाठ टेकवली, ते उचलून त्यावरचं नाव वाचलं. मग म्हणाला, "हौ. तसंच करा."

बँकेची संमती आली, वहिनींची कर्जावर सही झाली आणि अर्ध्या हिश्शाचं दानपत्र रजिस्टर झालं. कचेरीबाहेरच्या टपरीवर त्यानं चहा सांगितला आणि हाक मारली, "पंचफुला, चहा घे."

वहिनी रस्त्याकडे बघत उभ्या होत्या, तशाच राहिल्या. त्या नावानं हाक मारणारं माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. त्यानं पुन्हा हाक मारली, जरा लाजून. तेव्हा त्या वळल्या आणि पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.

पुढे तो गेला. खांबावरून नाही, सकाळी दाढी करताना छातीत कळ येऊन. दिवस झाल्यावर किरनापुरच्या भावानं मला बाजूला घेऊन घराचं विचारलं. कागदावर काय आहे ते मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि संध्याकाळच्या बसनं तो परत गेला. घराला कुणी कुलूप लावलं नाही. हप्ता आता वहिनी पेन्शनमधून भरतात.

परवा मी त्यांना म्हटलं, त्याचा अर्धा हिस्साही तुमच्याच नावावर येतो, एकदा अर्ज करून टाकू, म्हणजे अख्खं घर तुमचं. वहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या.

"माहं अर्धं मले पुरते, वकीलभाऊ," त्या म्हणाल्या. "त्यायचं नाव राहू द्या. त्यायनं मले आत घेतलं, न मी त्यायले बाहेर काढू काय?"