अमेरिका घराण्याचा मायाप्पा

मायाप्पाच्या छातीत वारा चांगला होता, एवढं त्याचे वैरीसुद्धा कबूल करायचे. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं ओरडून ओरडून झालेली ती छाती. दुष्काळात मेंढरं गेली, तसा तो बायकोला, फुलाबाईला, घेऊन सोलापुरात आला. गिरणीत लागला. गिरणीच्या भोंग्याला कंटाळला आणि चनबसप्पाच्या लग्नाच्या बँडात शिरला. तिथं त्याच्या हाती ट्रंपेट आलं.

"भोंगा सोडला आन् भोंगाच धरला," फुलाबाई म्हणाली. पण लाल कोट आणि जरीची पट्टी घालून तो पहिल्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा तिनं गुपचूप मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या.

वरातीत बँडाच्या सगळ्यांत पुढं चालायचं म्हणजे काय, हे चाललेल्यालाच ठाऊक. नवी पेठेतून वरात निघाली की माडीमाडीवर बायका उभ्या. त्यांची नजर आधी पुढच्या वाजवणाऱ्यावर पडायची, नवरदेवावर नंतर. ती पुढची जागा मायाप्पाची होती. सुखाचा संसार म्हणतात तो त्याचा घरात नव्हता, वरातीच्या तोंडाशी होता.

मग जेऊरचा ज्ञानू आला. हातात क्लारनेट, केसांना तेल, बोटं शेवग्याच्या शेंगांसारखी. तो नाटकातली पदं वाजवायचा. गिऱ्हाईक म्हणायला लागलं, क्लारनेट पुढं घ्या, ट्रंपेट कान फोडतं.

"हे बघ मायाप्पा," चनबसप्पा म्हणाला, "माघातल्या लग्नापतुर बघतो. तुज्याकडनं कायतरी नवं आलं तर बरं. न्हाईतर तू मागं, ढोलाशेजारी."

ढोलाशेजारी म्हणजे धुळीत. 

सोलापुरातला मार्शल लॉ उठून पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. नाताळात साहेबलोकांच्या क्लबात नाच होता. मुंबईच्या कुठल्याशा बड्या हॉटेलातली वाजवणारी मंडळी आगगाडीनं मद्रासला निघाली होती, त्यांना एक दिवस सोलापुरात उतरवून घेतलं. फाटकाशी स्वागताला चनबसप्पाचा बँड. आलेल्या मोटारींना सलामी वाजवायची आणि मग गवतावर गप्प बसायचं, असा हुकूम होता.

दिवेलागणीला आत वाजवणं सुरू झालं. मायाप्पा खिडकीशी गेला आणि तिथंच चिकटला. मुख्य वाजवणारा अमेरिकेचा, मायाप्पाहून चांगला चार छटा काळा. त्याच्या हातातही ट्रंपेटच. आणि गोरे साहेब, ज्यांच्यापुढं मामलेदाराची पगडी खाली यायची, ते त्याच्या फुंकरीवर गरगर नाचत होते.

त्यानं एक सूर धरला. मायाप्पानंही खिडकीबाहेर श्वास धरून बघितला. मायाप्पाचा सुटला, त्याचा सुटेना. मग तो ढोलाच्या ठोक्याला हुलकावणी द्यायला लागला. ठोका पडायचा, सूर यायचाच नाही. आता चुकला म्हणेपर्यंत मागून हसत यायचा आणि खांद्यावर थाप मारायचा. माळावर एखादं चुकार कोकरू कळपाबाहेर उड्या मारतं आणि काठी उगारायच्या आत आपणहून आत शिरतं, तसं. मायाप्पाला वाटलं, इतकी वर्षं आपण ट्रंपेट वाजवलं नाही, नुसतं त्याच्यावर खेकसलो.

शेवटी त्या माणसानं वाटीसारखं काहीतरी घेतलं, ट्रंपेटच्या तोंडावर धरलं आणि वाजवता वाजवता उघडझाप करायला लागला. ट्रंपेट चक्क रडायला लागलं. हुंदके देत, नाक ओढत, बाईमाणसासारखं. आत साहेब नाचत होते आणि बाहेर मायाप्पानं टोपी काढून हातात घेतली.

कारण त्याच्या धंद्यात ट्रंपेटचं तोंड एकाच वेळी झाकायचं. पिकल्या म्हाताऱ्याची अंत्ययात्रा वाजतगाजत न्यायची असली, की तोंडात उपरणं कोंबायचं, आवाज आवरता ठेवायचा.

"फुले, त्याच्या घरचं कुणीतरी गेलंय गं," तो घरी येऊन म्हणाला. "आन् ह्या लोकांनी त्याला तसाच उभा केलाय नाचाला."

"मग जेवला का त्यो?"

"साहेब आत जेवले. त्याचं ताट मागच्या वऱ्हांड्यात दिलं."

 दुखवट्याच्या माणसाची चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी करून न्यायची, कडू घास द्यायचा, ही रीत. परक्या मुलखात त्या बिचाऱ्याला शेजारी कोण? सकाळी तिनं भाकरी थापल्या, पितळेच्या वाटीत पिठलं घेतलं, वर ठेच्याचा गोळा ठेवला आणि नवऱ्याला पुढं घालून क्लबाच्या मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

क्लबाचा बटलर येडू थोडं इंग्रजी जाणायचा. म्हणजे साहेबानं शिवी दिली तर कुठली दिली, तेवढं सांगू शकायचा.

"ह्याला काय सांगू?" त्यानं विचारलं.

"सांग, जानारा जातो, मागच्यानं खावं."

येडूनं यातल्या शेवटच्या शब्दाचं तेवढं इंग्रजी केलं. तो माणूस खुशीत पायरीवर बसला, पिठलं-भाकरी खाल्ली, ठेचा भाजी समजून एकदम तोंडात टाकला. डोळ्यांतून धारा लागल्या.

"रडू द्या," फुलाबाई हळूच म्हणाली. "मोकळं व्हईल."

"कोन गेलं, इचार की," मायाप्पानं येडूला ढोसलं.

येडूनं विचारलं. पाणी पिता पिता तो माणूस हसायला लागला. "कुनी मेलं न्हाय म्हनतोय," येडू म्हणाला. "ह्यांच्यात ते सुखातबी तसंच वाजवत्यात."

"काईतरीच," फुलाबाई म्हणाली. "परक्याला कशाला सांगंल त्यो?"

पण त्याला ते दोघं आवडले. त्यानं ट्रंपेट आणलं, पिठल्याची वाटी रुमालानं पुसली आणि तीच ट्रंपेटच्या तोंडावर धरून हळू हळू वाजवलं. मग ट्रंपेट मायाप्पाच्या हाती दिलं, त्याची बोटं वाटीवर नीट बसवली, मान हलवून चुका दाखवल्या. मुंबईहून आणलेली विद्या, अंगणात, खरकट्या वाटीवर. निघताना त्यानं छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं. मायाप्पाच्या कानाला ते "कलीम" असं लागलं.

वाटेत फुलाबाई पदरानं डोळे पुसत होती.

"तुला गं काय झालं?"

"मला माझी आय दिसली. मला सासरी धाडताना मांडवाच्या दारात हुबी."

मायाप्पानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच्या डोक्यात नवी पेठेतली वरात होती.

माघात लग्न निघालं. तेलुगू विणकरांतलं, मुलाकडचे लुगड्यांचे व्यापारी. वरात पेठेत शिरली आणि पुढं चाललेल्या मायाप्पानं कोटाच्या खिशातून वाटी काढली. माड्यांवरच्या बायका चपापल्या. म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी उठून नमस्कारही केला, कुणाची यात्रा आहे ते विचारलं. घोडं थांबलं. वरबाप धावत पुढं आला.

"माज्या पोराचं लगीन हाय का तेरावा?"

"आण्णा, नवं हाय," मायाप्पा चनबसप्पाला म्हणाला. "अमेरिकेचं हाय."

"अय्यो, अमेरिकेत मेलेल्यांची लग्नं लावत्यात का? जा मागं! ज्ञानू, म्होरं हो!"

मायाप्पा ढोलाशेजारी गेला. धूळ होतीच तिथं. लग्न लागलं, पंगती उठल्या, पण तो जेवला नाही.

पाठवणीची वेळ झाली. नवरी गाडीत बसायला निघाली आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. पोरीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. सासरचं दुमजली घर तिनं आधीच बघितलं होतं, त्यामुळं ती बऱ्यापैकी आनंदात होती. आणि तिची आई, पार्वतम्मा, लाजेनं मेल्यासारखी झाली होती. पोरगी रडली नाही म्हणजे माहेरानं तिला काय दिलं, असं विचारायला विहिणी टपलेल्याच. ज्ञानू क्लारनेटवर नाटकातलं पद वाजवत होता, त्यावर नवरीनं पायानं ताल धरला.

मायाप्पा बायकांच्या मागं खांबाला टेकून बसला होता. पार्वतम्माचं तोंड त्याला दिसलं, आणि फुलाबाई वाटेत काय म्हणाली होती ते आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं. त्यानं वाटी काढली.

आधी पार्वतम्मा फुटली. मग मावश्या. मग नवरीनं आईच्या गळ्यात जी मिठी घातली, ती सोडवायला माणसं लागली. वरबाप फेट्याच्या शेवानं डोळे टिपत म्हणाला, धूर फार झालाय. चूल केव्हाच विझली होती.

"इंकोसारी!" पार्वतम्मा रडत रडत ओरडली. "अजून एकदा वाजीव रे बाबा!"

त्या सालापासून सोलापुरात मुलीकडचे लोक चनबसप्पाच्या दारात येऊन आधी रडका बाजा मोकळा आहे का, ते विचारायचे आणि मग मुहूर्त काढायचे. दुसऱ्या बँडवाल्यांनीही वाट्या घेतल्या. गुरू कोण, असं कुणी विचारलं तर मायाप्पा कानाची पाळी धरून सांगायचा, "कलीमसाहेब." शहरातले मोमीन वादकही मग आदबीनं कानाला हात लावायचे. कुठलं घराणं म्हटलं की तो म्हणायचा, "अमेरिका." ते गाव हैदराबादेच्या पलीकडं असावं, असं सगळे धरून चालले.

एवढं नाव झालं, पण पुढची जागा ज्ञानूचीच राहिली. एका वैशाखात ज्ञानू तापानं पडला, तेव्हा चनबसप्पाच म्हणाला, "मायाप्पा, आज तूच म्होरं."

फुलाबाईनं कोटाला इस्त्री करवून आणली. मायाप्पा वरातीच्या तोंडाशी उभा राहिला, छाती भरून घेतली. तेवढ्यात मुलाकडची एक म्हातारी हात हलवत पुढं आली.

"अरं, ह्यो तर रडका बाजा! ह्याला हितं कुनी हुबा केला? आत्तापास्नं पोरगी रडाय लागली तर लगीन कसं लागंल?"

आजूबाजूचे हसले. चनबसप्पानं मान खाली घातली.  मायाप्पानं भरलेला श्वास सोडला, ढोलवाल्याला पुढं जायला सांगितलं, आणि मांडवाच्या दाराकडं वळला. तिथं नवरीच्या आईनं त्याच्यासाठी घोंगडं अंथरून ठेवलं होतं.