सातव्या रकान्यातलं 'आहे'

ती घटना आजही आठवते, असं लिहायला बसलो आणि पेन थांबलं. आठवायला आधी विसरावं लागतं, आणि ही काही मला विसरता आलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले आरोपी रस्त्यात समोर आले तरी ओळखणार नाही. या प्रकरणातली ती बाई मात्र शंभर जणींत ओळखेन.

मी तेव्हा यवतमाळात ठाणेदार होतो. एका दुपारी दवाखान्यातून आकस्मिक मृत्यूची खबर आली. मयत राळेगाव तालुक्यातला, जिनिंगमध्ये कामाला, वर्षानुवर्षं कापसाचा धुरळा खाऊन छाती गेलेली. दम कोंडला म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी जिल्ह्याला न्यायला सांगितलं. सरकारी गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, म्हणून घरच्यांनी खाजगी रुग्णवाहिका केली. कळंब ओलांडल्यावर तो गेला. गाडीत ड्रायव्हर, तो आणि त्याची बायको, एवढीच माणसं होती.

जमादारानं बाईचा जबाब घेतला. तिची कोणाविरुद्ध तक्रार नव्हती. ड्रायव्हरनं तिला ऑक्सिजनचा मास्क नवऱ्याच्या तोंडावर धरून बसायला सांगितलं होतं, आणि दवाखान्याच्या दारात तोच म्हणाला, तुम्ही ढिला धरला म्हणून हवा पोचली नाही. मागून मोटारसायकलवर आलेल्या दिरानं ते ऐकलं. मग काय, प्रेताच्या आधी गोष्ट गावात पोचली. तेरवी व्हायच्या आत सासरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

दर मंगळवारी ती एसटीनं यायची आणि ठाण्यातल्या बाकावर बसून राहायची. प्रश्न एकच. "साहेब, मास्क माया हातून ढिला पडला का जी? तेवढं पाहून सांगा."

मी म्हणायचो, चौकशी सुरू आहे. आमच्या खात्यात हे वाक्य झोपेतही म्हणता येतं. ती मान हलवायची आणि चारच्या गाडीनं परत जायची.

खरं सांगायचं तर चौकशी संपल्यात जमा होती. ज्या मालकाची ती गाडी होती, त्याच्या चार रुग्णवाहिका होत्या. इस्त्रीचा शर्ट घालून तो आला आणि माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. मृत्यूच्या तीन आठवडे आधी रुग्णवाहिकांची संयुक्त तपासणी झाली होती. परिवहनचे निरीक्षक, आरोग्य खात्याचे एक डॉक्टर आणि पोलिसांचा एक प्रतिनिधी, असे तिघं. कागदावर सातवा रकाना होता: ऑक्सिजन सिलिंडर, आहे किंवा नाही. 'आहे'वर बरोबरची खूण. खाली तीन सह्या. मालक अगदी नम्रपणे म्हणाला, "तिसरी सही ओळखता ना साहेब?"

ती माझी होती.

तपासणीचा तो दिवस मला चांगला आठवत होता. मैदानात मंडप, खुर्च्या, चहा. या मालकानं आदल्या दिवशी विनंती केली होती की गाड्या फेरीवर असतात, एकेक करून पाठवतो. आम्ही म्हटलं, बरोबर आहे, रुग्णसेवा अडायला नको. त्याच्या चार गाड्या दिवसभरात चार वेगवेगळ्या वेळी आल्या. डॉक्टर आत डोकावायचे, सिलिंडर दिसला की 'आहे' म्हणायचे, आणि मी बसल्या जागेवरून खूण करायचो.

पुढची खबर मिळाली ती खबऱ्याकडून नाही. गाड्यांवर अक्षरं रंगवणारा एक पेंटर लायसन हरवल्याची नोंद करायला आला होता. रायटर कागद तयार करेपर्यंत तो बाकावरच्या बाईशी बोलत बसला. तिची हकिकत ऐकली आणि सरळ माझ्या खोलीत घुसला. कोणाची भीड न ठेवणारा माणूस. तपासणीच्या आदल्या दिवशी त्या मालकाच्या चारही गाड्या त्यानंच रंगवल्या होत्या.

"गाड्या चार होत्या साहेब, अन् सिलिंडर एकच," तो म्हणाला. "मी त्याच्यावर लाल ब्रश पुसला, तं मालक केवढा भडकला मायावर. अन् तुमी चारही पास केल्या म्हन्ते. हाय का नाही गंमत?"

मी तपासणीची फाइल मागवली. फोटो एका शिपायानं मोबाइलवर काढले होते, फाइल जाड दिसावी म्हणून. असले फोटो कोणी पाहत नाही. कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. चार नंबरांच्या चार गाड्या, प्रत्येकीत एक सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरच्या खांद्यावर लाल फराटा. वर जाड, खाली बारीक शेपूट. चारही ठिकाणी तोच. रायटर हळूच म्हणाला, "साहेब, हा तं एकच हाय." मी त्याला दार लोटून घ्यायला सांगितलं. का, ते तेव्हा बोललो नाही. मला लाज वाटली होती.

ड्रायव्हरला चौकशीसाठी बोलावलं. बाभुळगावकडचा माणूस, आधी दारव्हा लाइनवर जीप चालवायचा. खोटं बोलणारा एक वाक्य घोकून येतो आणि त्याला घट्ट धरून बसतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, त्याला काहीतरी करायला लावावं. हा गडी तासभर एकच म्हणत होता, सिलिंडर होता, भरलेला होता. मी त्याला चहा पाजला. मृत्यूनंतर मालकानं तो लाल फराट्याचा सिलिंडर त्या गाडीत आणून बसवला होता, आणि गाडीसोबत आम्ही तोही जप्त केला होता. तो त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "उघडून दाखव."

त्यानं वरचा खुंटा दोन्ही हातांनी पिळला. तोंड लाल झालं. खुंटा हलेना. त्याला वेगळी चावी लागते, पान्यासारखी, हेच त्याला माहीत नव्हतं. जन्मात कधी उघडलाच नव्हता. मी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली, आणि शेजारी ते चार फोटो.

मग त्यानं सगळं सांगितलं. त्या दिवशी सिलिंडर दुसऱ्या गाडीत होता. मास्कची नळी सीटच्या मागं नुसती खोचलेली होती. पलीकडे काहीच नव्हतं. "बाई दोनदा इचारून राह्यली होती साहेब, हवा येऊन राह्यली का म्हणून. मी म्हटलं, येऊन राह्यली." ढिल्या मास्कचं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. घाबरला आणि तोंडाला येईल ते बोलून गेला. माणूस वाईट नव्हता. मीही नव्हतो.

मालक आणि ड्रायव्हर, दोघांवर गुन्हा दाखल केला. त्याच दिवशी माझ्या सहीची नोंद स्टेशन डायरीत घेतली आणि तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा असं वरिष्ठांना लिहिलं. माझं नाव साक्षीदारांत गेलं. मला कारणे दाखवा नोटीस आली, ताकीद मिळाली. मालक जामिनावर सुटला, गाड्या सुपूर्दनाम्यावर सुटल्या आणि पुन्हा त्याच रस्त्यावर सायरन वाजवू लागल्या. खटला अजून तारखा खातो आहे. फिटनेस परिवहननं बघायचं, आतलं सामान आरोग्य खात्यानं, रस्ता पोलिसांनी. तिघं मिळून बघायचं ठरलं की दुसऱ्यानं पाहिलं असेल, या भरवशावर सगळे चहा पितात. हे लिहितानासुद्धा थकवा येतो.

मंगळवारी ती आली. मी तिला आत बसवलं आणि सांगितलं, बाई, सिलिंडर नव्हताच. तुमच्या हातून काही झालं नाही. मला वाटलं रडेल. तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे माया दिराले येऊन सांगा जी."

गेलो. साध्या कपड्यांत जावं असं मनात आलं होतं, पण गणवेशच घातला. अंगणात दीर, सासू आणि शेजारची चार माणसं होती. सगळ्यांसमोर सांगितलं. दिरानं विचारलं, "पन कागदावर तं होता म्हन्ते?"

"होता. त्यावर सही माझी आहे," मी म्हटलं.

सासू उठली, तिनं सुनेच्या हाताला धरून तिला आपल्याजवळ खाटेवर बसवलं. माझं काम झालं होतं. निघालो तर ती बाई फाटकापर्यंत आली. चिडलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी तं ड्रायवरले दोनदा इचारलं होतं जी, हवा येऊन राह्यली का म्हणून. तुमी कोनाले इचारलं होतं?"

मी सरकारी जीपमध्ये बसलो आणि आमच्या ड्रायव्हरला चल म्हटलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ज्या ज्या तपासणीला गेलो तिथं आधी चावी मागितली. सिलिंडर उघडून हवेचा आवाज कानानं ऐकल्याशिवाय 'आहे' म्हटलं नाही. बरोबरचे लोक वैतागायचे, साहेबाचं डोकं फिरलं म्हणायचे. या प्रकरणानं काय शिकवलं म्हणाल तर एवढंच, आणि एका माणसाच्या जिवापुढे ते फार थोडं आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी देता आलं नाही. आज देतो.

कोणालाच नाही.