उसवणाऱ्या बाई

शाळेत सगळे त्यांना उसवणाऱ्या बाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मूळच्या त्या शिवणाच्या शिक्षिका. एखादीची टीप वाकडी गेली की रागवायच्या नाहीत, कात्री पुढे सरकवायच्या. "उसव, आणि कुठे चुकलं ते तूच सांग."

शिवण वेळापत्रकातून गेलं तेव्हा तो तास बाईंनी मागून घेतला आणि मुलींना खेळ बनवायला लावले. पुठ्ठ्याचा पट, बटणांच्या सोंगट्या, नियम मुलींचे. एका गटाने खेळ रचायचा, दुसऱ्याने तो उसवायचा, म्हणजे त्यातली पळवाट शोधून काढायची. घरी जाऊबाई म्हणाल्या, "बटणं सरकवायचा पगार मिळतो होय तुम्हाला? आमचंच नशीब फुटकं!"

मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, मात्र यात हसण्यासारखं काही वाटेना. "पोरी गणितात गटांगळ्या खातायत. शनिवारी मी स्वतः खेळून बघते. डोकं चालवताना दिसल्या तर ठीक, नाहीतर हा तास गणिताला."

शनिवारी त्या चष्मा पुसून पटासमोर बसल्या. खेळ पाण्याचा होता. प्रत्येकीच्या टाकीत निळी बटणं, ती घरोघर पोचवायची, वाटेत नळ फुटले की बटणं गेली. शेवटी टाकीतली आणि घरांतली मिळून जिची जास्त, ती जिंकली.

मोठ्या बाई जागच्या हलल्याच नाहीत. पाळी आली की म्हणायच्या, "मी आपली बसलेलीच बरी." मुलींचे नळ फुटत राहिले. मोजणी झाली तेव्हा यांची टाकी काठोकाठ.

"जिंकले की गं! हेच शिकवता का बाई, हातावर हात ठेवून बसायला?"

हौसेने खेळायला आलेली मुलगी पाळी सोडून स्वस्थ बसेल, हे रचणाऱ्यांच्याच काय, उसवणाऱ्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

उत्तर बाईंच्या जिभेच्या टोकावर होतं. पण बोलल्या असत्या तर डोकं त्यांचंच चाललं असतं. त्यांनी नुसता पट मुलींकडे सरकवला.

"बसून राहायला बंदी करू," वेणीवाली म्हणाली.

"मग मोठ्या बाई एकच बटण एकदा पुढे, एकदा मागे करत राहतील," शेजारची फणकारली. "हुशार आहेत त्या!"

मोठ्या बाईंना एकदम खोकला आला.

"अगं, पण टाकीतलं पाणी आपण मोजतोच कशाला?" मागून तिसरी उसळली. "कुणाची तहान भागली त्याने? घरात पोचलं तेवढंच मोजायचं!"

"आणि कुणीच नाही पोचवलं तर?"

"तर सगळ्याच हरल्या!"

पट पुन्हा मांडला. आता मोठ्या बाईंना बूड हलवावंच लागलं. पहिल्याच वळणावर त्यांचा नळ फुटला आणि वर्ग खिदळला. त्यांनी बाह्या सरसावल्या. घंटा झाली, पुढच्या तासाच्या सरांनी दारातून डोकावलं.

"थांबा हो जरा," त्या मान वर न करता म्हणाल्या, "माझं एक घर राहिलंय."

तरीही हरल्या. उठताना म्हणाल्या, "तास तुमचाच राहील. पण पुढच्या खेपेला मला उसवणाऱ्यांत घ्या."

"घेऊ की," बाई म्हणाल्या, "आधी परीक्षा द्यावी लागेल."

त्यावर वर्गात जो कल्ला उसळला, तो थांबवायला मोठ्या बाईसुद्धा मागे वळल्या नाहीत.