चैत्रगौरीचं तळं

ठाण्याची खोली सोडून आम्ही डोंबिवलीत घर बांधलं, तेव्हा मागच्या अंगणात मी एक हौदही बांधून घेतला. बायकोला तिथे धुणं धुवायला फरशी हवी होती, मला कमळं हवी होती. कमळ एकही आलं नाही. बेडूक मात्र आमंत्रणाशिवाय आले आणि फाल्गुनातच, पावसाची वाट न बघता, त्यांनी हौदात संसार थाटला. पाण्यावर अंड्यांचा साबुदाणा तरंगायला लागला.

मी लगेच प्राणिशास्त्रज्ञ झालो. भांडवल काय, तर शाळेत काढलेलं बेडकाचं एक चित्र. चैत्रात विहीर तळाला गेली, तरी मी स्वतःच्या अंघोळीचं पाणी वाचवून हौदात ओतायचो.

"पारोसा नवरा आणि भरलेला हौद! कुणाला सांगायची सोय नाही," बायको म्हणायची.

सांगायला तिला खरंच कुणी नव्हतं. ठाण्यातल्या मैत्रिणी तुटल्या होत्या आणि इथे साधी हाक मारणारंही कुणी नव्हतं. म्हणून तिनं चैत्रगौरीचं हळदीकुंकू मांडलं आणि आळीतल्या झाडून साऱ्या बायकांना बोलावलं. ज्यांच्याकडून आम्ही जागा घेतली, त्या आगरी आजींनाही. त्या एका संध्याकाळवर तिची सगळी भिस्त होती.

आरास मी अंगावर घेतली. लोक आरशाचं तळं करतात, मी परातीत खरं तळं केलं आणि मासे म्हणून हौदातली बेडकाची पिल्लं सोडली.

"अहो, यांना पाय फुटलेत," बायको म्हणाली.

"शेपटी आहे तोवर बेडूक उडी मारत नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. हा सिद्धांत सर्वस्वी माझाच होता.

हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम? मी स्वयंपाकघरात पन्हं ओतत होतो आणि दाराआडून बघत होतो. बायको भिजवलेल्या हरभऱ्यांनी आजींची ओटी भरत होती, तेवढ्यात एक पिल्लू शेपटीसकट उडालं आणि थेट त्या ओटीत पडलं. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. मला पन्ह्याच्या पातेल्यात बुडून जावंसं वाटलं.

आजींनी पिल्लू अलगद ओंजळीत घेतलं.

"कनाला घाबरतंस गो? गवर म्हायेरा आयलीय. तिचे सोबतीला कुनी नको का?"

मग जो हशा पिकला! उरलेले सोबती धरायला बायका पदर खोचून परातीभोवती धावल्या. दिवेलागण झाली तरी कुणी उठायचं नाव घेईना. डोंबिवलीत आल्यापासून बायकोला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्यासाठी पन्ह्याचा थेंबसुद्धा उरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बादली घेऊन हौदाशी गेलो, तर तो आधीच काठोकाठ भरलेला.

"तुम्ही आपली अंघोळ करा," कळशी खाली ठेवत बायको म्हणाली. "ती माझ्या माहेरची माणसं आहेत."