खिडकीबाहेरचा भिडू

वडिलांचे मित्र म्हणजे आमचे काका; त्यांच्याइतका, दिसण्याआधीच हजर झालेला माणूस रत्नागिरीत दुसरा नसेल. आधी त्यांचा आवाज येई, मग खोकला, आणि शेवटी ते स्वतः. सारी नोकरी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून झालेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही फाटकात घोषणा केल्याशिवाय ते पाऊल टाकत नसत. "गुहागरहून येणारी जलद गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे," असं ऐकू आलं की आमच्याकडे चहाचं आधण चढे आणि वडील बुद्धिबळाचा पट मांडत.

पुढे वडिलांची फुप्फुसं थकली. "आणखी एकदा छातीत संसर्ग उतरला, तर मी कसलीच खात्री देणार नाही," असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तेव्हापासून शुश्रूषेला मिरजोळ्याहून सुमन येऊ लागली. आल्याबरोबर ती हात धुई, मास्क लावी, खोलीच्या खिडक्या सताड उघडी, आणि शिंकणारा माणूस, मग तो घरचा जावई का असेना, ओटीवरूनच परत पाठवी. काकांचा घसा तर बारमाही खवखवणारा. त्यांना आत यायची बंदी झाली.

काकांनी बंदी पाळली, पण डाव सोडला नाही. दिवेलागणीला ते परसातून येऊन वडिलांच्या खिडकीबाहेर, चार हात लांब, स्टुलावर पट ठेवून उभे राहू लागले. पांढरा लेंगा-सदरा, माकडटोपी, नाकातोंडावर मास्क, नुसते डोळे उघडे, हातात काठी. दुसरा पट आत वडिलांच्या पलंगावर. खेळी तोंडी सांगायची. मास्कमधून काकांची घोषणा अशी यायची, की विहिरीच्या तळातून कोणी गाडी सोडतंय.

पहिल्या संध्याकाळी सुमन ओरडतच स्वयंपाकघरात आली. "दादा, परसात राखणदार उभा हाय!" आमच्याकडे वाडीची राखण करणारा देव तिन्हीसांजेला काठी आपटत फिरतो, असं मानतात. दुसऱ्या दिवसापासून तिनं परसातल्या फणसाखाली भाकरी ठेवायला सुरुवात केली.

"अगं, ते काका आहेत," मी म्हटलं.

"काका व्हय? मग काठी दोनदा कशी वाजते?"

मी कान देऊन ऐकलं. काकांची काठी वाजली, आणि जरा वेळानं फणसाकडून पुन्हा वाजली. परसाच्या दगडी गडग्यावर आपटून आवाज परत येतो, असा मी हिशेब लावला. भाकरी मात्र काकाच खात. जाताना मला म्हणत, "हातगुण चांगला आहे रे मुलीचा. जरा लसणीची चटणी ठेवायला सांग."

थंडीत गावभर तापाची साथ आली. एका संध्याकाळी घोषणा झालीच नाही. बघतो तर काका फणसाखाली उभे. वडिलांनी हाक मारली, "अरे मेल्या, पुढे ये की! उंट हलवलाय मी!" आकृती पुढे आली नाही. काठी तेवढी एकदा वर झाली. वडील रात्री जेवताना धुसफुसत होते, "रुसलाय लेकाचा."

सकाळी मी फोन केला. त्यांची सून म्हणाली, "बाबा काल दुपारपासून तापानं फणफणलेत. अंथरुणातून उठलेले नाहीत." मी टेप घेऊन परसात गेलो. फणस ते खिडकी बावीस फूट भरलं. मोजून काय मिळवलं, ते मलाही सांगता येणार नाही.

बरे झाल्यावर काका आले, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी फणसाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "जो कोण होता, तो लांब उभा राहिला ना? मग झालं तर."

त्या थंडीत वडिलांना साधी शिंकसुद्धा आली नाही. वैशाखात ते झोपेतच गेले. छाती शेवटपर्यंत स्वच्छ होती, असं डॉक्टर म्हणाले.

काका अजून येतात. "आता आत या," मी म्हणतो. आता कुणाला जपायचं आहे?

"खिडकीची सवय झाली रे," ते म्हणतात, आणि स्टुलावर पट मांडतात. आपलं प्यादं सरकवतात, मास्क नीट करतात, काठी जमिनीवर टेकवतात. "आता त्याची खेळी," म्हणतात. मग आम्ही दोघं फणसाकडून दुसरी काठी वाजायची वाट पाहतो.