ग्रिडवरचे रुमाल

आमच्या घरी कन्नड, लॅबमध्ये मराठी, आणि राग आला की मी दोन्ही एकदम बोलते. कॉलेजात सगळे माझ्या या रागाला वचकून, म्हणूनच ग्रिडचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीन लॅब इथल्या आणि एक गावाबाहेर चिंचोळीकडच्या इमारतीतली, अशा चार ठिकाणचे कॉम्प्युटर जोडून एकाच मोठ्या आकडेमोडीला जुंपायचे, म्हणजे ग्रिड. कुणाला किती कॉम्प्युटर आणि किती वेळ द्यायचे, ते ठरवणारी मी. आणि मला ते उत्तम जमत होतं, उगाच विनय कशाला?

एका सवयीपुढं मात्र मी हात टेकले होते. एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ती आमच्या प्राध्यापकांनी ग्रिडवरही आणली. काहीच न करणारा एखादा प्रोग्राम सोडून द्यायचा. तो नुसता बसून राहतो, पण कॉम्प्युटर अडतो आणि रांगेतल्यांना वाटतं, काम चालू आहे. उद्या-परवा साहेबांना गरज पडली तर जागा तयार!

त्या रांगेत वैरागची एक मुलगी होती. सकाळी ज्युनिअर कॉलेजात शिकवायची, दुपारी इथं येऊन विहिरींच्या पाण्यावर पीएचडी करायची. बाकीचा प्रबंध छापून तयार होता, शेवटचं प्रकरण तेवढं अडलेलं. त्याच्या आकडेमोडीला चाळीस कॉम्प्युटर सलग चार दिवस हवे होते. एकदा मुदत वाढवून झाली होती. येत्या शुक्रवारी प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, पाच वर्षांची मेहनत मातीत.

सोमवारी सकाळी ती माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली.

"मॅडम, आज बी रांगेतच हाय. दुपारपर्यंत सुरू झालं न्हाय तर शुक्रवार हुकतोय बघा."

मी तडक लॅबमध्ये गेले. विद्यार्थ्यांना सुट्टी होती. माझ्या स्क्रीनवर एकूण एक कॉम्प्युटर कामात दिसत होता. मी एकेका डब्यावर हात ठेवत निघाले. राबणारा डबा हाताला गरम लागतो. हे तर माठासारखे गार! माझं डोकंच सणकलं.

रुमालवाल्यांची यादी काढून स्टाफरूम गाठली. सगळ्यात जास्त, आठ रुमाल आमच्या विभागप्रमुख सरांचे. याच सरांनी मला कॉम्प्युटर शिकवला.

"असू द्या की मॅडम," सर म्हणाले, "लागतात अधूनमधून."

"मग सर, ती पोरगी बाहेर उभी आहे, तिला तुमच्याच तोंडानं सांगा तसं."

सर लालबुंद झाले. मग हळूच म्हणाले, "काढा." बाकीच्यांनीही मुकाट्यानं माना हलवल्या. अठरा कॉम्प्युटर मोकळे झाले. तेवढ्यावर मी थांबेन तर ना! "दुसऱ्याचं अडवून बसायला लाज कशी वाटत नाही?" असं सगळ्यांना सुनावूनच बाहेर पडले. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

पण चाळीस कुठं झाले? पुन्हा हात लावत फिरले. तिसऱ्या लॅबच्या मागच्या दोन्ही रांगा गार, आणि यादीत मात्र कुणाचंच नाव नाही. चक्रावलेच मी. शेवटी यंत्रणेच्या पार आत शिरून पाहिलं, तर बावीस कॉम्प्युटर माझ्याच नावावर! ग्रिडच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून मीच राखून ठेवले होते. त्याला दोन वर्षं झाली होती. ग्रिड चालवणाऱ्याचं नाव यादीत येऊ नये, ही सोयही मीच केलेली.

कानशिलं तापली माझी. स्टाफरूम वीस पावलांवर होती, पण माझे पाय तिकडं वळले नाहीत. गुपचूप ते बावीस सोडून दिले. साडेअकराला तिचं काम सुरू झालं.

शुक्रवारी संध्याकाळी, प्रबंध जमा करून ती आली. डोळे भरलेले, आणि तरी हसत होती.

"मॅडम, लई उपकार झाले तुमचे. सरांशी भांडलात माझ्यासाठी."

चार दिवस मी मूग गिळून बसले होते. पण हे कौतुक काही घशाखाली उतरेना.

"अगं, सरांचे आठच होते," मी म्हटलं. "बावीस माझे होते. दोन वर्षं नुसते पडून होते. माझ्या ध्यानातच राहिलं नाही."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. मला रागावलेली माणसं कळतात.

"मागल्या वर्षी मला कायमची नोकरी लागत होती," ती म्हणाली. "पीएचडी झाली न्हाय म्हणून गेली. तवा बी ते पडूनच होते का?"

"होते," मी म्हणाले.