जास्वंदीच्या चार काड्या

बाबा गेल्यावर आई गावचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली, ती ओल्या फडक्यात जास्वंदीच्या चार काड्या गुंडाळूनच. तिने त्या कुंडीत खोचल्या, ओंजळभर पाणी शिंपडलं आणि कुंडी दाराबाहेर पॅसेजमध्ये, सावलीत ठेवली.

शेजारच्या काकूंना ते बघवेना. येता-जाता तांब्याभर पाणी ओतायच्या, वर चमचाभर खत. आज तर माझ्यासमोर त्यांनी एक काडी उपटूनच पाहिली. "अजून मूळ नाही गं फुटलं!" म्हणाल्या आणि परत खोचून दिली. काडीचं खालचं टोक काळं, बुळबुळीत झालं होतं.

माझं डोकंच फिरलं. अहो, जिला मूळच नाही ती खाणार कशाने? पानांवर जरा ओल राहू द्या, बाकी तिचं तिला करू द्या. पण नाही! लोकांची माया म्हणजे आधी ओतायचं आणि मग उपटून बघायचं. काडी कुजली तरी ह्यांना वाटणार, आपण किती केलं तिचं!

रात्री जेवताना मी हे सगळं आईला तावातावाने सांगत होते. सांगता सांगता तिला तिसरी पोळी वाढायला गेले आणि रोजच्यासारखं विचारलं, "रमलीस ना गं आता इथे?"

आईने ताटावर हात आडवा धरला.

"झालं का आजचं उपटून?" ती म्हणाली.